हातभर अंतर

किसो खोऱ्यातल्या आमच्या देवळापुढच्या म्हाताऱ्या चेरीला करवत लावायचा मान आमच्या घराण्याचा. क्रेन आली तर चाकांखाली मुळं चिरडतील, म्हणून पुजारी तिला दारातूनच वाटेला लावतात. आमची परांची बांबू आणि काथ्याची, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी. झाडाला दोर बांधायचा नाही की टेकू घ्यायचा नाही. काम संपेपर्यंत ती झाडाला कुठे टेकली, तर बांधणाऱ्याने मुकादमी सोडायची.

यंदा आमच्या ह्यांचे, गेन्झोंचे, गुडघे बोलायला लागले आणि परांची पहिल्यांदाच बांधली माझ्या लेकीने, चिझुरुने. बर्फ पडायच्या आत एक कुजलेली जाडजूड फांदी अर्ध्यावर कापायची होती. खाली फुलांच्या डहाळ्या लोंबतात, त्यामुळे फळ्या फांदीच्या वरून न्याव्या लागतात. मधे मूठभर अंतर सोडायचं, ही ह्यांची रीत. पोरीने सोडलं हातभर!

"एवढ्या उंचावरून कापणार कशी?" हे खालून गरजले.

"पालथी पडून, बाबा."

"उशी आणू का, ताई?" पुतण्या माकिओ फिदीफिदी हसला. ही चुकली की मुकादमी आपलीच, हे त्याला ठाऊक होतं.

"आण की," मी म्हटलं. "तुझं तोंड दाबायला होईल."

चिझुरु हसली नाही. "मूठभर अंतर पाइनच्या झाडाला ठीक आहे, बाबा. ही फांदी पाणी पिऊन दरवर्षी खाली येतेय. ओझं उतरलं की वर उठेल."

"जन्म गेला माझा झाडांवर. आता तू मला शिकव!"

"शिकवत नाही. सांगतेय."

ती फळ्यांवर पालथी पडली. कुजका भाग जमिनीवर वेगळ्या उभ्या केलेल्या तीन पायांच्या तिकटीला दोराने तोलून धरला होता. तुकडा सुटला, हळूहळू खाली उतरला, आणि फांदी उठायला लागली. कण्हत कण्हत वर येतच राहिली. माकिओने डोळे मिटले, मी नाही मिटले. माझी पोर वर होती, मी बघणारच. फळ्यांच्या अगदी जवळ येऊन फांदी थांबली.

गुडघ्यांची पर्वा न करता हे शिडी चढले. फळी आणि साल यांच्यामधून त्यांनी आपला तळहात सरकवला. तो कुठेही न अडता पलीकडे निघाला.

"माझ्यासारखं मूठभर अंतर सोडलं असतंस, तर साल सोलून निघाली असती," लेकीपाठोपाठ खाली उतरून हे म्हणाले. असलं वाक्य ह्यांच्या तोंडून मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं.

मग डोक्याचा पंचा सोडून हे लेकीपुढे वाकले.

"मुकादम, उद्या मी किती वाजता येऊ?"

माझा ऊर भरून आला. चिझुरुचाही आला असणार, पण तिने आवाजात येऊ दिलं नाही.

"उजाडताच या. आणि वर चढायचं नाही, खालून दोर धरायचा."

"बरं," हे म्हणाले.