मापाची पिकअप

"तयार माल घेणारा माणूस जन्मभर दुसऱ्याच्या मापात जगतो!" काचवाल्यानं दुकानाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. "स्वतंत्र माणूस आधी माप देतो आणि मग वस्तू घेतो."

एवढं बोलून त्यानं अंगातल्या शर्टाची बाही तिसऱ्यांदा दुमडली. शर्ट तयार घेतलेला होता, आणि त्याच्या बाह्या काचवाल्यापेक्षा बऱ्याच उंच माणसाला डोळ्यांसमोर ठेवून शिवल्या होत्या.

"स्वतंत्र माणसाला बाहीत टाचणी मारून देऊ का?" काचेच्या कडा घासता घासता बायकोनं विचारलं.

मेव्हणा हसला, पण बेतानंच. त्याच्या हातात काच होती, आणि काच हातात असताना मोकळेपणानं हसायचं नाही, हे तो एका टेबलाच्या किमतीला शिकला होता.

विषय नव्या पिकअपचा होता. जुनी पिकअप, जिला घरात सगळे 'म्हातारी' म्हणत, अलीकडे चढ दिसला की थांबायची आणि मेव्हण्यानं मागून खांदा लावल्याशिवाय हलायची नाही. भाड्याचे टेंपोवाले काच म्हटलं की लांबूनच हात जोडत. तरीही आजवर खिडक्यांची तावदानं, फोटोंच्या काचा आणि न्हाणीघरातले आरसे एवढ्या धंद्यापुरतं कसंबसं निभावलं होतं. पण आता नृत्याच्या बाईंचं काम आलं होतं.

बाई पलीकडच्या गल्लीत नृत्याची शाळा उघडत होत्या. शाळा म्हणजे एक लांबट खोली, आणि त्या खोलीच्या एका अख्ख्या भिंतीला त्यांना आरसा हवा होता. तोही एकसंध.

"जोड अजिबात नको," बाईंनी बजावलं होतं. "जोडापुढं उभं राहिलं की मुलीचा हात खांद्यापासून सुटल्यासारखा दिसतो. मग ती नाचायचं सोडून हात शोधत बसते. शाळा उघडेपर्यंत मी तुमच्यासाठी थांबते. नाही जमलं, तर रस्त्याच्या त्या टोकाच्या दुकानदाराला सांगते. तो जोड देऊन उद्याच लावायला तयार आहे."

त्या टोकाच्या दुकानदाराचं नाव निघालं की काचवाल्याच्या मानेची शीर उडायची. शिवाय अख्ख्या भिंतीचा बिनजोड आरसा त्यानं आयुष्यात लावला नव्हता. रात्री पडल्या पडल्या त्याला तो आरसा दिसायचा आणि आरशात तो स्वतः दिसायचा, थोडा उंच. काचेचा एवढा मोठा ताव म्हातारीवर घालायचा म्हणजे त्याला जिवंतपणी निरोप देण्यासारखंच होतं. म्हणून गाडी हवी होती, आणि शाळा उघडायच्या आत हवी होती.

तिघं शोरूममध्ये गेले. तिथल्या विक्रेत्याचा टाय इतका घट्ट होता, की प्रत्येक वाक्य गळ्यातून वाट काढत बाहेर यायचं.

"सर, आपल्या आवारात एक उभी आहे," तो म्हणाला. "आज घ्या, आज न्या."

आवारात खरोखरच एक पिकअप उभी होती. साधा सपाट हौदा, मजबूत चाकं, कशाला नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त ती गुलाबी होती. पिकलेला पेरू कापल्यावर आत निघतो, तसा गुलाबी.

"ही अशी का?" काचवाल्यानं विचारलं.

"एका बेकरीवाल्या बाईंनी खास सांगून बनवून घेतली होती, सर. गाडी आली, त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, हा माझा गुलाबी नव्हे."

"मग कुणाचा?"

"तेच शोधतोय, सर."

बायको तोपर्यंत गाडीभोवती एक फेरी मारून आली होती. "चांगली आहे की हो. हातातलं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?"

"अगं, गुलाबी गाडीतून आरसे न्यायचे? लोक काय म्हणतील?"

"आरसा समोर असला की लोक स्वतःलाच बघतात. गाडीकडं कोण बघतंय?"

"भावोजी, एक फायदा आहे," मेव्हणा म्हणाला. "चोरीला गेली तर पोलिसांना वर्णन सांगायला सोपी."

काचवाल्यानं दोघांकडं दुर्लक्ष केलं आणि टायकडं वळला. "सांगून बनवून घेतली, तर कधी मिळेल?"

"वेळेतच मिळेल, सर."

"कुणाच्या वेळेत?"

विक्रेत्यानं टाय सैल केला. "साधारण तुमच्या, सर. नाहीतर कंपनीच्या."

एवढं आश्वासन काचवाल्याला पुरलं. घोड्यावर बसायचं एकदा ठरलं, की माणूस लगाम आहे की नाही ते बघत नाही. त्यानं राखाडी रंग सांगितला, म्हणजे धूळ बसली तरी गाडी धुतल्यासारखी दिसते. हौद्यात काच तिरकी टेकवायला पोलादी चौकट सांगितली. कारागीर तिला घोडी म्हणतात. घोडीच्या दोन्ही टोकांना पोलादी ठोकळे हवेत, म्हणजे काच पुढंमागं सरकणार नाही. ठोकळ्यांना आतून रबर. मोठ्यात मोठा ताव दोन ठोकळ्यांच्या मध्ये असा बसला पाहिजे, की ड्रायव्हरनं ब्रेक मारला तरी तो हूं की चूं करणार नाही.

"तेवढं आतलं माप कळवा, सर," विक्रेता म्हणाला.

"माप आम्हाला विचारता?" काचवाला हसला. त्या हसण्यात तीन पिढ्यांचा धंदा होता.

घरी आल्यावर त्यानं ठरलेल्या तावाच्या लांबीवरून माप काढलं आणि बायकोला सांगितलं. बायकोनं ते शोरूमला फोनवरून कळवलं. आपापल्या परीनं दोघांनीही काम चोख केलं.

मग वाट बघणं सुरू झालं. काचवाला फोन करायचा आणि टायचा आवाज सांगायचा, "सर, गाडी सांगाड्यात आहे." पुढच्या फोनला, "सर, गाडी रंगात आहे." त्यानंतर, "सर, गाडी निघाली आहे." कुठून निघाली आणि कुठं पोचली, हे मात्र गाडीलाच ठाऊक.

"सुनेची वाट बघतात तशी बघताय," बायको म्हणाली. "आल्यावर तिला ओवाळायचं की नाही, तेवढं आधी सांगून ठेवा."

मध्येच म्हातारीनं एका चढावर कायमचा श्वास सोडला. मेव्हण्यानं खांदा लावला, मग पाठ लावली, शेवटी शिव्या लावल्या. ती हलली नाही. आता सगळा भार न आलेल्या गाडीवर पडला. नृत्याच्या बाई येता-जाता दुकानात डोकावायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त त्या टोकाच्या दुकानाच्या दिशेनं एकदा बघायच्या. न बोलता एवढं बोलणं नर्तकीलाच जमतं.

अधूनमधून काचवाला शोरूमवरून चक्कर मारायचा. आपली गाडी आली का ते बघायला, असं घरी सांगायचा. खरं तर गुलाबी गाडी विकली गेली नाही ना, हे तो बघायचा, आणि ती तिथंच उभी दिसली की बरं वाटल्याबद्दल स्वतःवर चिडायचा. एकदा आसपास कुणी नाही असं बघून तो तिच्यात बसलासुद्धा. सीट इतकी मऊ होती, की त्याच्या दुखऱ्या कमरेनं मालकाचं मत न विचारता परस्पर निर्णय घेऊन टाकला. कमरेला तत्त्वं नसतात. तो घाईघाईनं उतरला आणि घरी जाऊन तयार मालावर नेहमीपेक्षा कडक बोलला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी राखाडी गाडी आली.

ती खरोखर देखणी होती. काचवाल्यानं तिच्यावरून हात फिरवला आणि बायकोकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ 'आता बोल' असा होता. पण बायकोसुद्धा गाडीवरून हात फिरवत होती.

"आधी घोडी बघू," काचवाला म्हणाला. काच आणून बघण्याचा मूर्खपणा करणाऱ्यांतला तो नव्हता. तावाच्या बरोबर लांबीची एक लाकडी पट्टी त्यानं सोबत आणली होती. मेव्हण्यानं ती हौद्यात चढवली आणि घोडीच्या दोन ठोकळ्यांच्या मध्ये धरली.

पट्टी बसली नाही.

मेव्हण्यानं ती उलटी करून धरली. मग तिरकी धरली. मग लाकडाला काही लाज आहे का, अशा नजरेनं तिच्याकडं बघितलं.

"भावोजी, अडते."

"किती?"

"अर्धा इंच."

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. चौकटीत काच बसवायची, तर काच चौकटीच्या मापापेक्षा दोन सूत कमी कापायची, हा काचकामाचा पहिला धडा. अगदी बरोबर मापाची काच बसत नाही, आणि जोर लावून बसवली तर तडकते. आठ सुतांचा एक इंच. त्यातली दोन सूत सोडायची. जन्मभर हेच केल्यामुळं काचवाल्याच्या तोंडून कुठलंही माप बाहेर पडताना दोन सूत आपोआप दाराशी चपला काढून ठेवत. बायको लग्नाआधीपासून, म्हणजे तिच्या वडिलांच्या दुकानापासून, तशीच. चहा किती देऊ विचारलं, तर या घरात उत्तर यायचं, "दोन सूत कमी."

"मी माप सांगितलं ना तुला," काचवाला हळूहळू म्हणाला, "त्यात दोन सूत सोडली होती."

बायकोनं तोंडाला हात लावला. "तुम्ही सोडली होती?"

"म्हणजे?"

"मला वाटलं, तुम्ही गडबडीत सोडायची विसरलात. म्हणून फोनवर सांगताना मी सोडली."

इतर वेळी घरातली चूक कुणाची, हे ठरवायला या जोडप्याला अख्खा आठवडा पुरत नसे. आज न भांडताच ती काट्यावर तोलल्यासारखी निम्मी निम्मी वाटली गेली होती, आणि त्यामुळं दोघांचीही पंचाईत झाली होती.

"आणि मुळात ही काच नव्हती," मेव्हणा पट्टी खाली ठेवत म्हणाला. "काच ठेवायची जागा होती. तिथं दोन सूत वाढवायची असतात ना, ताई?"

"तू गप रे," दोघं एका सुरात म्हणाले.

विक्रेता पुढं झाला. "सर, काचच अर्धा इंच कापली तर?"

नवरा-बायकोनं त्याच्याकडं अशी नजर टाकली, की त्यानं टाय पुन्हा घट्ट केला. काच कापली तर भिंतीच्या टोकाला फट राहणार, आणि बिनजोड आरशाला फट म्हणजे नाकी नऊ येईपर्यंत पोहून काठाशी बुडण्यासारखं.

"ठोकळे कापून घेऊ," काचवाला म्हणाला.

"बाहेर कापलेत तर कंपनी गाडीची जबाबदारी घेणार नाही, सर. कंपनीत पाठवली तर..."

"तर?"

"तर गाडी निघेल, सर."

गाडी निघणं म्हणजे काय असतं, ते आता काचवाल्याला चांगलंच माहीत झालं होतं. त्यानं आकाशाकडं बघितलं, बुटांकडं बघितलं आणि सगळीकडं बघून झाल्यावर आवाराच्या कोपऱ्याकडं बघितलं.

"ती... ती बेकरीची," तो घसा साफ करत म्हणाला. "तिच्या मापाबद्दल काही तक्रार आहे का कुणाची?"

"तिचं माप कुणी काढलेलंच नाही, सर. नेहमीचा हौदा आहे."

"मग द्या."

बायकोनं हसू आवरायचा इतका प्रयत्न केला, की तिला ठसका लागला. राखाडी गाडीसाठी दिलेली आगाऊ रक्कम विक्रेत्यानं बिनतक्रार इकडं वळवली. "ही राहू दे आमच्याकडं," तो राखाडीकडं बघत म्हणाला. "अर्धा इंच कमी हवी असणारा कुणीतरी येईलच." तो चेष्टा करत होता की धंदा, हे त्याच्या टायवरून कळत नव्हतं.

दुपारी म्हातारीच्या पाठीवरची जुनी लाकडी घोडी उतरवून गुलाबी हौद्यात दोरखंडानं बांधली. ती कुठं बांधायची याचं कुणी माप घेतलं नाही. मेव्हणा म्हणाला, "जिथं बसेल तिथं." आणि ती बसली. गोदामातून ताव चढवला. त्याचं टोक हौद्याबाहेर वीतभर आलं, तिथं बायकोनं लाल फडकं बांधलं. गुलाबी गाडीला लाल फडकं! पण कापडाला दुसरा रंग त्या वेळी सापडला नाही, आणि काचवाल्याची आता रंगाबद्दल बोलायची प्राज्ञा नव्हती.

गाडी माणूस चालतो त्या वेगानं रस्त्यातून निघाली. लोक थांबले. त्यांनी आरशात बघितलं आणि केस सारखे केले. त्या टोकाच्या दुकानदारानंही दारात येऊन मिशा सारख्या केल्या, आणि मग हे आपण कशात बघून केलं ते लक्षात येऊन आत गेला. गाडीकडं खरंच कुणी बघितलं नाही. काचवाल्यानं हे बायकोला सांगितलं नाही, आणि कमरेला किती आराम आहे, हेही सांगितलं नाही.

"सीट बरी आहे का?" बायकोनं विचारलं.

"ठीक आहे. दोन सूत मऊ."

संध्याकाळपर्यंत आरसा भिंतीवर चढला. ना जोड, ना फट. काचवाल्यानं सुरकुतलेल्या कागदानं शेवटचा डाग पुसला आणि तो मागं सरकला. खोली दुप्पट झाली होती. मेव्हणा दुप्पट झाला होता. बायको त्याच्याशेजारी उभी होती आणि आरशातही त्याच्याशेजारीच उभी होती, आणि दोन्हीकडं ती हसत होती.

नृत्याच्या बाई चपला काढून आत आल्या. आरशासमोर मधोमध उभ्या राहिल्या. त्यांनी उजवा हात खांद्यापासून सावकाश उचलला आणि बोटांच्या टोकापर्यंत नेला. हात अखंड होता. त्यांनी डावा हात उचलला. तोही अखंड. मग त्या संबंध भिंतभर एक गिरकी घेत गेल्या, आणि आरशातल्या बाईही कुठं न तुटता त्यांच्याबरोबर गेल्या.

काचवाल्यानं छाती पुढं काढली आणि कौतुक ऐकायला बाह्या खाली सोडल्या.

"सुंदर," बाई म्हणाल्या. "अगदी मनासारखा. एवढंच मला हवं होतं."

"मेहनत आहे, बाई," काचवाला म्हणाला.

"दिसतेय ना." बाई थोड्या घुटमळल्या. "एक सांगू का? मुली लहान आहेत हो. एवढा मोठा आरसा दिसला की त्या नाचायचं सोडून तोंडंच वाकडी करत बसतील. शिकवताना झाकायला याच्यावर एक पडदा लावून द्याल?"

काचवाल्याचा हात आपोआप खिशातल्या टेपकडं गेला.

"नाही, नाही, माप नका घेत बसू," बाई घाईनं म्हणाल्या. "बाजारात तयार मिळेल तो आणा."