तेरा पोती, रिकाम्या पोटी

"तोंडाला कुलूप घातलंय म्हणून सांग त्याला," पारख्याने आतून बायकोला बजावले. पण शेजारी पोत्यांची गाडी दारात लावून हटायला तयार नव्हता.

गहू साठवण्याइतका वाळला की नाही, हे गावात पारखीच ठरवी. दाताखाली दाणा फोडायचा आणि निकाल द्यायचा. आज मात्र दहा वाजता त्याच्या हर्नियाचे ऑपरेशन होते. तीन महिने थांबून तारीख मिळाली होती, आणि रात्रीपासून पोटात अन्न जाऊ द्यायचे नव्हते.

"दादा, नुसतं चावायचंय. खायला कोण सांगतंय?" शेजारी अजिजीने म्हणाला.

पारख्याने तेराही पोती चावून पाहिली. दाणा थुंकणे त्याच्या स्वभावात नव्हते. तेव्हा सकाळचे सहा वाजले होते.

"अहो, हे खाणंच झालं!" बायको म्हणाली.

"हे काम झालं. खाणं वेगळं."

इस्पितळाच्या खोलीत तीन खाटांवर हिरव्या झग्यातले तिघे बसले होते, त्यांत पारखीही. "रात्रीपासून काही खाल्लंत?" भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"नाही!" तिघेही एका सुरात म्हणाले. पारख्याच्या बायकोने खिडकीबाहेर पाहिले.

बाई समजावू लागल्या, "भुलीत गिळण्याचं, खोकण्याचं भान राहत नाही. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं, तर जिवावर बेतेल."

तोंड न बांधता आडवे केलेले पोते पारख्याच्या डोळ्यांपुढे आले. पुढचे सांगायची गरजच उरली नाही.

"बाई, सहा वाजता तेरा पोती गहू चावलाय मी. गिळलासुद्धा."

"तेरा पोती?"

"प्रत्येकातला चिमूटभर," बायकोने घाईने सावरले.

"मग तुम्ही शेवटी. खाल्ल्यावर सहा तास जायला हवेत, बाराच्या आधी नाहीच. वेळ उरला तर आज, नाहीतर पुढची तारीख."

पारख्याचा चेहरा उतरला. पुन्हा तीन महिने!

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा खाकरला. "मॅडम, माझं एक केळं झालंय. आठ वाजता."

"एकच ना?" तिसरा कळवळून म्हणाला. "मी दोन अंडी खाल्ली. नऊला. बायको म्हणाली, अशक्तपणा येईल."

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. यादी खोडून त्यांनी नव्याने मांडली आणि सुस्कारा सोडला. "पारखीकाका, पहिले तुम्हीच. बारा वाजता."

बायकोचा जीव भांड्यात पडला. पारखी मात्र बोटांवर तास मोजत बसला होता.

"शेजाऱ्याला सांगून ठेव," तो गंभीरपणे म्हणाला, "पहाटे चारला आला असता, तर दहाचं ऑपरेशन वेळेवर झालं असतं."