पिशवीबाई

स्कॅन विभागात तिला सगळे ‘पिशवीबाई’ म्हणायचे आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेत जे औषध सोडतात, ते दिवसभरात लघवीतून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि गटारातून थेट नदीत जातं. मशीन चालवता चालवता केस पिकले, तेव्हा कुठे हे तिला कळलं. कळल्यावर गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती. मोठ्या डॉक्टरांच्या डोक्याशी महिनाभर कटकट करून तिने पिशव्या मागवल्या. स्कॅन झाल्यावर घरी चार वेळा त्यात लघवी करायची, आतल्या भुकटीने ती घट्ट होते, मग पिशवी कचऱ्यात आणि कचरा भट्टीत.

डॉक्टरांनी अट घातली होती, महिन्यात पन्नास रोग्यांनी पिशव्या नेल्या तर ठीक, नाहीतर हे खूळ बंद. शेवटच्या दिवशी आकडा बेचाळीसवर अडला होता. बाहेर नऊ जण बसले होते आणि त्यांत तिचे सासरे होते.

स्कॅन करून सासरे बाहेर आले तसं तिने सगळ्यांदेखत त्यांच्या हातात पिशव्यांचं पाकीट ठेवलं.

“सूनबाई, या वयात पिशवीत? लोक तोंडात शेण घालतील!”

बाकावरची एक बाई फिस्सकन हसली आणि आपण घेतलेलं पाकीट तिने टेबलावर परत ठेवलं. घरी गेल्यावर सासऱ्यांना गोडीगुलाबीने पटवता आलं असतं, पण घर आणि बाहेर असे दोन न्याय पिशवीबाईला जमत नव्हते.

“बाबा, नदीचं पाणी शुद्ध करायच्या केंद्रात तुम्ही बत्तीस वर्षं होतात. पाण्यात विरघळलेलं औषध तुमच्या गाळायच्या वाळूत अडतं का?”

“वाळूत गाळ अडतो गं. विरघळलेलं कसं अडेल?” एवढं बोलून ते हातातल्या पाकिटाकडे बघू लागले. आपण म्हाताऱ्याच्या वर्मी घाव घातला, असं तिला वाटलं आणि खूप वाईट वाटलं.

मग ते समोरच्या बाकांकडे वळले. “रोज सकाळी टाकीतलं पहिलं भांडं मी स्वतः प्यायचो. मगच शहराला पाणी सोडायचो. हे त्यात आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्हाला आज ही पोरगी सांगतेय, आणि तुम्ही हसताय?”

त्यांनी पाकीट काखेत मारलं. मघाशी हसलेली बाई उठली आणि निमूटपणे आपलं पाकीट उचलून बसली.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी आकडा पाहिला. एक्कावन्न. “बरं बाई, जिंकलात. अजून एक महिना चालू द्या.”

“महिना नको. कायमचं हवं, आणि लेखी,” ती म्हणाली. मग त्यांच्यासमोरची खुर्ची ओढून ती ठाण मांडून बसली, ती त्यांनी पेनाचं टोपण काढेपर्यंत हलली नाही.