चाळीस झोळ्या

“कागद स्वतः उठून कोणाला रोखत नसतो, मावशी,” वकील गीतांजली हसत म्हणाल्या. “कोणी आकार चोरला तर तुम्ही कोर्टात जायचं असतं. तिथे हा कागद दाखवायचा.”

सुंदराबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. बार्शीटाकळीहून सकाळची पहिली बस धरून त्या अमरावतीत पोचल्या होत्या. टेबलावर दोन झोळ्या होत्या. एक त्यांनी स्वतः शिवलेली. कापूस वेचताना कमरेला बांधायची, दोन्ही कुशींवर चंद्रकोरीसारखी फुगणारी. ओझं मानेवर न येता कमरेवर बसावं म्हणून त्यांनी तो आकार काढला होता. दुसरी त्यांना गेल्या आठवड्यात अकोल्याच्या बाजारात टांगलेली दिसली. हुबेहूब तीच, फक्त शंभर रुपयांनी स्वस्त. या हंगामात सुंदराबाईंकडे शिवायला येणाऱ्या तिघी बाया रिकाम्या का बसल्या, ते त्यांना त्या दुकानासमोर उभं राहिल्यावर कळलं.

दहा वर्षांपूर्वी कृषी विद्यापीठातल्या एका साहेबांनी शेतात ती झोळी पाहिली आणि हौसेनं तिच्या आकाराची नोंदणी करायचे सगळे कागद करून दिले. कोलकात्याहून प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यांचे पती धर्मपाल हयात होते. त्यांनी ते वाचून दाखवलं, चौकटीत बसवलं. आता त्या नोंदणीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती.

“आणखी पाच वर्षं हवी असतील तर सरकारी फी दोन हजार, माझे तीन,” गीतांजली म्हणाल्या.

“अन् त्याच्या बाद?”

“त्यानंतर वाढत नाही. आकार सगळ्यांचा. कोणीही शिवावा.”

“म्हंजे वावरासारखा पोरीच्या नावावर नाही चढत?”

“नाही.”

सुंदराबाईंना याचं वाईट वाटण्याऐवजी नवलच वाटलं. पंधरा वर्षं आपला, मग साऱ्यांचा. कोणी ठरवलं असेल हे? आणि पंधराच का?

“अन् या दुकानदारावर केस केली तं?”

“साठ-सत्तर हजार धरून चला. ते पण सुरुवातीचे.” गीतांजलींनी फाइल पुढे ओढली. “आधी मला एक सांगा. हा अर्ज केला त्याच्या आधी ही झोळी कोणाला विकली होती का?”

“इकल्या ना. आदल्या हंगामात. चाळीस.”

गीतांजलींच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. नोंदणी नव्या आकाराची होते. अर्जाआधीच बाजारात आलेला आकार कायद्याला नवा वाटत नाही. समोरच्याला हे कळलं, तर तो उलट ही नोंदणीच रद्द करून घेईल.

सुंदराबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण मॅडम, बायाइनं बांधून पाह्यल्याबगर मले कसं समजन, आकार बराबर हाय का नाही? पयल्या दहा तं मानेले काचत होत्या. बाया बोलल्या, मंग म्या पट्टा खाली घेतला.”

गीतांजलींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुमच्याकडे बिलबुक नव्हतं. दहा वर्षं झाली, पुरावा कुठला? मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. नुसत्या नोटिशीनंही माणूस घाबरतो.”

सुंदराबाईंनी दुकानातली झोळी उचलून मांडीवर घेतली. त्या तिघी बाया डोळ्यांसमोर आल्या. एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. नोटिशीनं खरंच माल बंद झाला तर? त्यांचं बोट शिवणीवरून फिरत तळाशी आलं.

“नाही जमणार, मॅडम. चाळीस बायाइले ठाऊक हाय. त्यातल्या अर्ध्या माह्या गल्लीतल्या. उद्या कोर्टानं इचारलं, तं मी खोटं बोलू का त्याइले बोलाले लावू?”

गीतांजलींनी वर पाहिलं, तर मावशी हसत होत्या.

“हे पाहा. इथं तळाची शिवण दुमडून राह्यली. कापूस रिकामा कराले पुरी झोळी सोडा लागते. माहीच चूक हाय ती, दहा वर्सांची. यानं चूकबी उचलली!”

“मग दुरुस्त का नाही केली?”

“डोक्यात हाय ना. तळ उघडा, गोल चुण्यांचा, खालून नाडी. नाडी सोडली का कापूस खाली. दिसाले बी येगळीच दिसन.”

गीतांजलींनी कोरा कागद पुढे सरकवला. “तर मग जुनीचे पैसे नका भरू. हिचा नवा अर्ज करू. सरकारी फी एक हजार, दहा वर्षांची. पण अर्ज जाईपर्यंत कोणाला दाखवायची नाही. एका बाईलाही नाही.”

आठ दिवसांनी, दुपारी, सुंदराबाईंच्या यंत्रावर नव्या झोळीचा गोल तळ चढला होता. शेजारच्या मैनाबाई दारात आल्या. वेचणीत त्यांचा हात सगळ्यांत जलद. एरवी नवं काही शिवलं की सुंदराबाई ते आधी त्यांच्या कमरेला बांधायच्या.

“काय शिवून राह्यली वं? दाखव तं.”

सुंदराबाईंनी घाईनं झोळीवर चादर ओढली. इतक्या वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

“आत्ता नाही दाखवत, मैना.”

“काहून? मले बी नाही?”

“तुले बी नाही. मॅडमनं सांगतलं. पंधरा-वीस दिवस.”

मैनाबाई उंबऱ्यावर बसल्या, यंत्राकडे पाठ करून, तोंड रस्त्याकडे.

“बरं. नाही पाहत. तू शिव.”

सुंदराबाईंनी चादर बाजूला केली. यंत्र चालू झालं. मैनाबाई रस्त्याकडे पाहत पऱ्हाटीला यंदा बोंडं कशी लागली ते सांगत राहिल्या.