लोखंडाला रेशीम

वेदवतीच्या स्वयंपाकघरात माशीसुद्धा पाय पुसून येते, असं कुंभकोणमात म्हणत. म्हणणारे टोमणा मारत. वेदवती ते बिरुदासारखं मिरवी. उंचीने बाई बेताची, आवाजाने मात्र गोपुराएवढी. विधुर भावाचं घर तिच्या हुकमावर चाले, आणि भावाची पोर अलमेलु तिच्याच हातावर वाढली होती.

अलमेलु लहान असताना ताप आला आणि जाताना डावा पाय घेऊन गेला. तेव्हापासून पोरगी जमिनीवरून सरकायची. सरकत भाजी चिरायची, सरकत देवाची उपकरणी घासायची. लग्नाच्या वयाची झाली, पण घरात तिला उभी अशी कुणी पाहिलीच नव्हती.

त्या वर्षी इस्पितळातून तिला लोखंडी पाय मिळाला. लुळ्या पायाच्या दोन बाजूंना दोन गज, मांडीला नि गुडघ्याला चामड्याचे पट्टे, खाली बूट. चालायला शिकवणारा चंद्रमौळी. ब्रह्मदेशच्या लढाईत त्याचा स्वतःचा पाय गेलेला. लाकडी पायावर टकटक करत तो चांगल्या धडधाकटांना दमवी. सुरुवातीला त्याने अलमेलुला चालू दिलंच नाही. पडायला शिकवलं. तळहात कुठे टेकायचे, खांदा कसा वळवायचा, आणि कुणाच्या हाताशिवाय परत उठायचं कसं.

"पडायला शिकवायचा पगार देतात होय त्याला?" वेदवती म्हणाली. "आमच्याकडे ते फुकट येतं."

पण तिला खरं खुपत होतं ते चामडं. सोवळ्याच्या घरात चामड्याचा पट्टा? शिव शिव! त्यामुळे अलमेलु इस्पितळातून बैलगाडीने आली की बाहेरच्या ओट्यावर बसून लोखंडी पाय सोडायची, आणि पुन्हा सरकत आत.

हे कळल्यावर चंद्रमौळी एक दिवस घरीच आला. वेदवतीने त्याला ओट्यावर कॉफी दिली. गावातल्या सगळ्यांसारखा तोही तिला मामीच म्हणे.

"मामी, ही सकाळी माझ्याकडे चालते आणि दिवसभर तुमच्याकडे सरकते. गुडघा आखडत चाललाय. असंच राहिलं तर तो सरळच व्हायचा नाही, मग लोखंड बांधून काय उपयोग? शुक्रवारी येतो. घरात चालत असेल तर उत्तम. नाहीतर पापनाशम गावची एक पोर वाट बघतेय, हे लोखंड तिला देईन."

"म्हणजे चामडं देवापुढे आणू?"

"भजनातला मृदंग काय केळीच्या पानाचा असतो?"

"मृदंग भजन आटोपलं की आपल्या घरी जातो. माझ्या चुलीपाशी बसून चिंच कोळत नाही!"

तो खदखदून हसला, पण शब्द काही मागे घेतला नाही. अलमेलु ओट्याच्या कोपऱ्यात बसली होती. लोखंडी पाय मांडीवर घेऊन पदराने पुसत होती, उसनी आणलेली वस्तू परत करायची असावी तशी.

ते वेदवतीला झोंबलं. दुसऱ्या दिवशी पूजेला रेशमी लुगडं नेसताना तिचा हात निरीलाच थांबला. रेशमाला कसला विटाळ? तिने ट्रंकेतून आपलं लग्नाचं लुगडं काढलं, त्याचा जरीकाठ कापला आणि चामडं उसवून त्या जागी शिवला. बूट फेकून सुताराकडून लाकडी खडाव करून घेतली. देवाला चालते, मग हिला का नको?

अलमेलुने पाय बांधला. उंबऱ्याशी अर्धी उठते न उठते तोच तुळतुळीत जरी सरकली आणि पोरगी आडवी झाली. वेदवती पळी टाकून धावली.

"आत्या, थांबा! हात लावू नका!"

अलमेलुने खांदा वळवला, तळहात टेकले आणि आपली आपण उठून बसली. "बघितलंत? डोकं कुठे आपटलं नाही."

वेदवतीने पळी उचलली. मनात म्हणाली, त्या मेल्याचा पगार वाढवायला हवा.

दुपारची बस धरून तिने दारासुरम् गाठलं. विणकर जानकीरामच्या घरात माग खटखटत होते. रंगीत लडींवरून हात फिरवत ती एका कोपऱ्यातल्या पिवळट, खरखरीत लडीशी थबकली. "हे काय, सुतळी?"

"कच्चं रेशीम, मामी. अजून उकळायचंय. मग मऊ होतं."

"उकळू नकोस. असंच दुहेरी वीण. चार बोटं रुंद."

"लुगड्याला?"

"लोखंडाला."

शुक्रवारी चंद्रमौळीने ओट्यावर ते पट्टे ओढून पाहिले, पिळून पाहिले. अलमेलुला मुद्दाम पाडलं, उठवलं, पुन्हा पाडलं. पट्टा तसूभर हलला नाही.

"चामडं घामाने कुजतं, हे धुता तरी येईल," तो म्हणाला. "मामी, हार मानली. पापनाशमच्या पोरीला मी दुसरं लोखंड शोधतो. पट्टे तुम्ही द्यायचे."

"देईन की. पण पडायला तुम्हीच शिकवायचं. ते शास्त्र या गावात दुसऱ्या कुणाला येत नाही."

मग अलमेलु भिंतीला हात लावत आत गेली. उंबरा ओलांडला. देवघरापुढे क्षणभर थांबली आणि चुलीपाशी येऊन उभी राहिली. सबंध उभी. वेदवती तिच्या तोंडाकडे बघायला गेली तर मान वर करावी लागली. पोर आपल्यापेक्षा वीतभर उंच! एवढी उंची इतकी वर्षं जमिनीवर घडी घालून ठेवलेली होती, आणि कुणाला पत्ता नव्हता. 

अलमेलु मात्र लोणच्याच्या बरण्यांच्या वरची फळी बघत होती.

"आत्या, वर केवढी धूळ आहे!"

"कुठे? माझ्या स्वयंपाकघरात?"

"बोटभर! जाळीसुद्धा आहे. तुम्हाला नाही दिसायची."

वेदवतीने ओलं फडकं पिळलं आणि तिच्या हातात कोंबलं. "मग बघत काय बसलीस... उभी काय राहिलीस? पूस!"