न शेकलेले पोलाद

चहाचा पेला ओठांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच छताजवळ टणत्कार झाला आणि बोल्टचे डोके पलंगाच्या कठड्यावर आपटून जमिनीवर घरंगळत गेले. कोणी कशालाही हात लावलेला नव्हता. तुळईला बसवलेली, माणूस उचलण्याची छोटी यारी स्थिर होती. तिची कापडी झोळी रिकामी लोंबत होती. थोड्याच वेळापूर्वी त्याच झोळीतून जस्तेबुवांनी पत्नीला खिडकीजवळच्या खुर्चीवरून उचलून पलंगावर आणले होते.

"मघाशी मी तिच्यातच होते," ती म्हणाली.

मणक्याच्या आजारात तिचे पाय गेले, तेव्हा तिच्या धाकट्या भावाने, जो एका कारखान्यात फिटर होता, ही यारी बनवून दिली होती. त्यामुळेच तिचा दिवस पलंगावर संपत नसे. कालच त्याने यारीचे चार बोल्ट काढून, जस्तेबुवांकडे उजळायला देऊन, पुन्हा बसवले होते. तिथेच बसलेल्या त्याने लगेच सारा दोष स्वतःकडे घेतला. "माझाच हात जड, ताई. दाजींनी एवढे लखलखीत करून दिले आणि मी रेड्यासारखा पाना ओढला."

जस्तेबुवांनी तुकडा उचलला. तुटताना पोलाद आधी ताणले जाते, मानेशी बारीक होते, जणू निरोप घेऊन जाते. येथे तसे काही नव्हते. तुटलेली बाजू सपाट, दाणेदार, फोडलेल्या मिठाच्या खड्यासारखी चमकत होती. मेहुण्याने दिलेले कारण मुकाट्याने स्वीकारणे सोपे होते. पण उरलेले तीन बोल्ट अजून वर होते, आणि दिसायला निर्दोष होते.

"आधी ते उतरव," ते म्हणाले. "तुझा हात नाही रे. माझा आहे. मी ते शेकले नाहीत."

जस्ताचा मुलामा देण्याच्या कारखान्यात त्यांचे आयुष्य गेले होते; नखांत बसलेल्या करड्या रंगामुळे सोबत्यांनी त्यांचे हे नाव पाडले होते. गंजलेले लोखंड आम्लात बुडवले की त्यावर बुडबुड्यांचा फेस उसळतो. तो हायड्रोजन. बहुतेक हवेत उडून जातो, पण थोडा उलट दिशेने, पोलादाच्या आत शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. कारखान्यात त्याला 'आतला' म्हणत. ज्या वस्तादांनी त्यांना हे काम शिकवले, त्यांची आज्ञा होती, की कठीण पोलाद न्हाऊन निघाले की लगोलग भट्टीत बसवायचे, दिवसभर शेकून आतल्याला बाहेर काढायचे, आणि मगच घराची वाट धरायची. ही आज्ञा जस्तेबुवांनी व्रतासारखी पाळली. परंतु ती कशासाठी आहे, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी शेकलेले बोल्ट कुठल्या कुठल्या पुलांत आणि यंत्रांत जाऊन बसले, आणि तुटले नाहीत. न तुटल्याची वार्ता कोणी आणून देत नाही.

आणि हे चार बोल्ट घरचे होते. पडल्या पडल्या ती म्हणत असे, की वरचा तो गंज आणि मी दिवसभर एकमेकांकडे टक लावून असतो, आधी कोण डोळे मिटतो ते बघायचे. तिला हसवावे म्हणून त्यांनी काल संध्याकाळी कारखाना बंद होताना ते आम्लात घातले, मुलामा दिला. भट्टी तेव्हा विझलेली होती. चारच तर आहेत, असे मनाशी म्हणून त्यांनी ते रुमालात बांधले होते.

मेहुण्याला हे पटेना. आंघोळ घातल्याने कुठे पोलाद मरते का, असे त्याचे म्हणणे. तेव्हा आतला दाखवण्यासाठी जस्तेबुवांनी पातेलीत तेल तापवायला ठेवले. पत्नी म्हणाली, "इथे आणा. पडणार मी होते, बघणारही मीच." म्हणून शेगडी पलंगाजवळच्या स्टुलावर आली. तेलातला ओलावा उडून ते निश्चल होईपर्यंत तिघे थांबले. मग त्यांनी चिमट्याने तो तुकडा आत सोडला.

प्रथम भोवतीची हवा फसफसून गेली. नंतर तुटलेल्या बाजूतून एक धागा निघाला. सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, एकामागून एक, अखंड, घन पोलादातून वर येत होते.

पत्नी कोपरांवर उठून पाहत होती. "इतकं कठीण. ना दार, ना खिडकी. तो आत गेला कुठून?"

"सगळीकडून," जस्तेबुवा म्हणाले.

सृष्टीतील सर्वांत हलका, इवलासा अणू तो. पोलादाच्या कणाकणांमधील वाटा त्याला राजमार्गासारख्या. तो आत स्वस्थ बसत नाही, हिंडत राहतो. आणि जिथे ताण सर्वाधिक, तिथे जाऊन जमतो. हेच बोल्ट रुमालात राहिले असते तर कदाचित कधीच तुटले नसते. भार पेलणाऱ्यालाच तो गाठतो, आणि जे पोलाद जितके कणखर तितके त्याला अधिक वश होते. आयुष्यभर ज्याला भट्टीतून हाकलले, त्याचे दर्शन जस्तेबुवांना आज प्रथम घडत होते. त्यांचे हात नकळत जुळले.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही तिथे भांडी विसळता."

पत्नी हसली, पण झोळीकडे पाहून तिने मान वळवली.

नवे बोल्ट आले; काळे, तेल चोळलेले, आम्लाचा स्पर्श न झालेले. मेहुण्याने ते बेताने आवळले. झोळीत पत्नीच्या वजनाइतके पाण्याचे डबे टांगले गेले, आणि हा घात उशिरा होतो म्हणून ते दिवसेंदिवस तसेच राहिले. तेवढे दिवस ती पलंगावरच होती. तिने चौकशी केली नाही. त्यांनीही भरवसा मागितला नाही. मागायला तोंड नव्हते.

मग एका दुपारी त्यांनी डबे उतरवले आणि स्वतः झोळीत बसून यारीची कळ फिरवली. पाय जमिनीवरून सुटले. लोंबकळताना माणसाला करण्यासारखे काहीच उरत नाही, पट्टे धरून जे वर आहे त्यावर विश्वास टाकायचा एवढेच, हे त्यांना तेव्हा समजले. इतकी वर्षे ते खालीच उभे होते. ती उशीवरून त्यांच्याकडे पाहत होती. "मान सैल सोडा," ती म्हणाली, "नाहीतर दुखते."

उन्हे भिंतीवरून सरकून गेली. ते तसेच बसून राहिले.

संध्याकाळी ते खाली उतरले. मुंग्या आलेले पाय चोळत त्यांनी झोळीच्या सुरकुत्या सारख्या केल्या आणि काही विचारावे म्हणून वळले. तिने पांघरूण बाजूला सारले होते, आणि दोन्ही हात आधीच वर उचलले होते.