झाकलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना डिटेक्टर आहे, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती. हवाईतल्या एका डोंगरमाथ्यावर, मोठ्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात आम्ही सिलिकॉनचे साठ डिटेक्टर शेजारी शेजारी बसवलेले होतो. प्रत्येकाच्या वाट्याला आभाळाचा एकेक तुकडा. हवेमुळे ताऱ्याची प्रतिमा थरथरली, की आम्ही तिच्या उजेडानं आपल्यात साठलेला विद्युतभार तिच्यामागोमाग सरकवायचो. म्हणून आमची चित्रं रेखीव यायची. "माझी पोरं डोळ्यात तेल घालून बघतात," असं केओला अंकल येईल त्याला सांगायचे. आम्हाला बसवलं होतं त्यांनीच.

माझ्यात मात्र एक खोट होती. एक बारीक पट्टा जन्मापासूनच बिघडलेला. एकदा त्यावर खोटाच ठिपका उमटला. आमची खगोलशास्त्रज्ञ पुआनानी हिला तो फुटणारा तारा वाटला. तारा फुटतानाचे पहिले काही तास टिपायचे, या एकाच ध्यासानं ती बारा वर्षं राबत होती. तिनं जगभर कळवलं. इतरांनी दुर्बिणी वळवून पाहिलं, तर तिथे काहीच नव्हतं.

"अंकल, तुमच्या लाडक्यानं माझं नाक कापलं!" असं म्हणून तिनं माझ्या चित्राचा अख्खा कोपरा झाकायला संगणकाला सांगितलं. झाकलेला भाग साठवलाही जात नसे.

"अगं, डाग पडला तर डागापुरता रुमाल टाक. सगळं टेबल कशाला झाकतेस?"

"बघू नंतर."

ते नंतर चार वर्षं आलं नाही.

मग त्याच कोपऱ्यात, बिघडलेल्या पट्ट्यापासून चांगला लांब, खरा तारा फुटला. मी तो पहिल्या तासापासून पाहिला. सावरून धरला, आकडे धाडले. संगणकानं ते पुसून टाकले.

आठ दिवसांनी तो चिलीतल्या कुणाला तरी दिसला. बातमी कळताच पुआनानीनं आमची जुनी चित्रं उघडली. ताऱ्याच्या जागी काळा चौकोन होता.

केओला अंकलनी आपला मुसुबीचा, भाताच्या वड्यांचा, डबा तिच्यापुढे सरकवला. "दोन घास खा."

"अंकल, यानं पाहिला असेल ना?"

"पाहिला असणारच. दुसरं काय काम आहे त्याला?"

तिनं डब्याला हात लावला नाही. त्याच दुपारी तिनं झाकण पट्ट्याएवढं बारीक केलं. पण तसा तारा पुन्हा माझ्या वाट्याला आला नाही.

आता मला कॅमेऱ्यातून काढलंय; मी वेधशाळेच्या व्हरांड्यातल्या काचेच्या पेटीत असतो. शाळेची मुलं आली, की केस पिकलेली पुआनानी त्यांना आधी माझा बिघडलेला पट्टा दाखवते. मग बाकीच्या भागावरून काचेबाहेरून सावकाश बोट फिरवते.

मित्रांनो, कुणात खोट दिसली तर तेवढीच झाका. माझा एक पट्टा खोटं बोलला होता. बाकी सगळा मी बघत होतो.